सुली, तुझ्या पेशी आणि आपलं भांडण

सुली,

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. नाव, वय, शिवाजी पेठेतली गिरणी, मागे पती आणि एक भाऊ. सगळं बरोबर होतं. एकच गोष्ट चुकली होती: 'अल्पशा आजाराने निधन'. सगळ्यांचं तसंच छापतात, म्हणून तुझ्या नवऱ्यानं, दाजींनी, काही म्हटलं नसेल. पण तुझा आजार अल्पसा नव्हता. अकरा वर्षं तू दमा घेऊन गिरणीत उभी होतीस. त्यातली सात वर्षं मी त्याच आजारावर काम करत होते. आणि शेवटचे पाच महिने आपण दोघी एकमेकींशी बोललो नव्हतो. हे चार ओळींत कुठं बसणार, म्हणून लिहिते आहे.

आपण एकाच गल्लीत वाढलो. गल्लीच्या तोंडाला तुझ्या आप्पांची गिरणी, चार घरं सोडून आमचं घर. तालमीच्या फुटबॉल टीमची मॅच असली की तू शाळेला दांडी मारून मैदानावर, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या वहीतून गृहपाठ उतरवायला हजर. 'मी येतो गं,' 'मी जातो,' 'मी जेवलो' असंच आपण बोलायचो. कोल्हापूरच्या पोरी तशाच बोलतात. पुण्यात शिकून परत आले तेव्हा माझ्या तोंडून 'मी जाते' निघालं, तर दळणाला आलेल्या बायकांसमोर तू म्हणालीस, "ऐकलं का? जाते म्हनं! पुण्याची झाली ही." चारजणी हसल्या. मला राग आला होता. तू मात्र त्याच दमात माझ्या आईचा डबा रांग मोडून आधी दळून दिलास.

आप्पांना अर्धांगाचा झटका आला आणि गिरणी तुझ्याकडे आली. तुझा भाऊ नोकरीनिमित्त बाहेरगावी, दाजी एसटीत ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस चंदगडच्या गाडीवर. तू कुणाला विचारलं नाहीस. एका सकाळी पदर खोचलास आणि बटण दाबलंस. पाच वर्षं सुरळीत गेली. मग सकाळी उठल्यावर शिंका सुरू झाल्या, मग कोरडा खोकला, मग जिना चढताना छातीत शिट्टी वाजायला लागली. गल्लीचा निकाल तयारच होता: मिरची. चटणीच्या दिवसांत तू पोतीच्या पोती मिरची कांडायचीस, तेव्हा दुसरं काय असणार? तू एक अख्खा उन्हाळा मिरची बंद ठेवलीस. गिऱ्हाईकं दुसरीकडं गेली. दम तेवढाच राहिला.

छातीच्या डॉक्टरांकडे मीच तुला नेलं. त्यांनी तुझ्या हातावर ओळीनं थेंब टाकले, प्रत्येक थेंबातून सुई टोचली आणि बसून राहायला सांगितलं. धूळ, झुरळ, परागकण, मिरची, सगळे थेंब गप्प राहिले. गव्हाचा मात्र हरभऱ्याएवढा फुगून आला. तू त्या फुगवट्याकडे बघत राहिलीस.

"गहू?" तू म्हणालीस. "रोज चपाती खातो की मी. काय होत न्हाय."

डॉक्टर म्हणाले, "खाल्लेला गहू नाही, बाई. श्वासातून आत गेलेलं पीठ."

रिक्षात तू एवढंच बोललीस, "बिचाऱ्या मिरचीला उगंच नावं ठेवली."

मी तेव्हा प्रयोगशाळेत दम्याच्याच एका अभ्यासावर होते. तुझ्यामुळे तो विषय घेतला असं लोकांना सांगितलं तर छान वाटेल, पण ते खरं नाही. विषय आधीच ठरला होता. तुझ्यामुळे झालं ते वेगळं. मी पेशींबद्दल बोलायला शिकले, कारण तुला अर्धवट सांगितलेलं चालायचं नाही.

अभ्यासासाठी रुग्णांच्या छातीतला बडखा, खोकून काढलेला कफ, लागायचा. तू स्वतःहून तयार झालीस. गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी आलीस, संमतीचा कागद दोनदा वाचलास, मिठाच्या पाण्याची वाफ ओढलीस, खोकलीस आणि डबी माझ्या हातात देऊन म्हणालीस, "हे घे. ह्याच्यावर डॉक्टरेट करतीस व्हय?" डॉक्टरेट कधीच झाली होती, हे तुला पक्कं माहीत होतं.

काच तयार झाल्यावर मी तुला सूक्ष्मदर्शकात बघू दिलं. एक डोळा मिटून तू बराच वेळ बघत होतीस.

"ह्या गुलाबी ठिपक्यांच्या कोण?"

"इओसिनोफिल. रक्तातल्या पांढऱ्या पेशी. पूर्वीच्या काळी पोटातल्या जंतांशी लढायला कामाला यायच्या. तुझ्या शरीरानं पिठालाच शत्रू मानलंय, म्हणून ह्यांना फुप्फुसात बोलावून घेतलंय."

"आणि ह्या सुया?"

तू त्या बघशील असं मला वाटलं नव्हतं. दोन्ही टोकांना निमुळते, काचेसारखे स्फटिक. मी सांगितलं, की ह्या पेशी फुटून मेल्या की त्यांच्यातल्या एका प्रथिनाचे असे स्फटिक होतात.

"फुटून म्हंजे? मरायच्या पण तऱ्हा असत्यात?"

असतात, सुली, आणि माझं सगळं काम त्यावरच आहे. मी तुला सांगितलं ते असं. पेशी मरतात म्हणूनच शरीर चालतं. एक मरण नीट असतं. पेशी आकसते, आतलं सगळं आवरून बांधून घेते, आणि शेजारची दुसरी पेशी येऊन तिला गिळून टाकते. बाहेर काही सांडत नाही. दम्यात गडबड होते ती इथं. ह्या गुलाबी पेशींना जगत राहण्याचे निरोप मिळत राहतात, त्यामुळे त्या वेळेवर मरत नाहीत, गर्दी करतात. आणि त्यातल्या बऱ्याच पुढं मरतात त्या फुटून. पोटातले विषारी दाणे बाहेर पडतात, गुंडाळलेला डीएनए जाळ्यासारखा फेकला जातो, वर ह्या सुया. आधीच सुजलेली श्वासनळी आणखी सोलवटते, आणि आतला कफ त्या जाळ्यात अडकून चिकट, घट्ट होतो.

तू सूक्ष्मदर्शकावरनं डोळा काढलास.

"कळलं. एक म्हातारा आवराआवर करून गेला, शेजाऱ्यालाबी पत्ता न्हाय. दुसरा मरताना घरदार पेटवून गेला. असंच की?"

"असंच."

"आणि कफ म्हंजे गव्हाचा चीक. पाण्यात पीठ कालवून ठिवल्यागत."

माझ्या वर्गात आजही मी हे असंच शिकवते. पोरं हसतात आणि लक्षात ठेवतात. तुझं नाव सांगत नव्हते, 'एक गिरणीवाल्या बाई म्हणाल्या' असं म्हणायचे. ह्या आठवड्यापासून नाव सांगते.

आपला पहिला वाद दम्याच्या पंपावरून. तुझ्याकडे दोन होते. निळा, दम लागला की लगेच मोकळं करणारा. आणि दुसरा, रोज दोन वेळा घ्यायचा, स्टेरॉईडचा. निळा तुझ्या कमरेला कायम असायचा. दुसरा आठ दिवस घ्यायचीस, बरं वाटलं की बंद.

"त्यात स्टेरॉईड असतंय. तोंड सुजतं म्हणत्यात बायका."

"श्वासातला डोस अगदी थोडा असतो. घेऊन झाल्यावर चूळ भरायची, झालं. आणि ते औषध करतं काय, माहितीये? सूज उतरवतं आणि त्या गुलाबी पेशींना वेळेवर मरायला लावतं. नीट, आकसून, न फुटता."

"म्हंजे मी रोज सकाळी उठून सुपारी द्यायची? माझ्याच पेशींची?"

"हो."

"आणि तू शास्त्रज्ञ!" पण तू हसत होतीस, आणि त्या महिन्यापासून नेमानं घ्यायला लागलीस. अडीच महिन्यांनी दुसरा नमुना द्यायला आलीस तेव्हा वाफ ओढून बराच वेळ झाला तरी खोकला येईना. "आता निघंना झालंय काय," असं म्हणत वैतागलीस. मला आनंद झाला होता. मी तो दाखवला नाही, कारण काच बघितल्याशिवाय बोलायचं नाही अशी माझी सवय.

त्याच आठवड्यात ते भांडण झालं.

शनिवार होता. मी रस्त्यानं जाताना सहज डोकावले. तू गव्हाचा डबा गिरणीच्या वरच्या तोंडात ओतत होतीस, पिठाचा धुरळा उडत होता, आणि मी आणून दिलेला मास्क तुझ्या हनुवटीखाली लोंबत होता. मी काही विचार केला नाही. रांगेत चार बायका उभ्या होत्या त्यांच्यासमोर, गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलले, "ही गिरणी तुला मारणार आहे, सुली. बंद कर ती आता. किती वेळा सांगायचं?"

रांगेतली एक घाबरून म्हणाली, "का हो? पिठात काय हाय का?"

दुसरीनं आपला डबा उचलला.

तू बटण बंद केलंस. पट्टा थांबू दिलास. मग शांतपणे म्हणालीस, "पिठात काय न्हाय, मावशी. खोट माझ्या छातीत हाय. ठेवा डबा." आणि माझ्याकडे वळलीस. "वैशे, सोळा वर्षं दळतोय मी हितं. तुझ्या प्रयोगशाळेत येऊन मी कधी म्हटलं का, बंद कर म्हणून? तू पण दिवसभर मेलेलंच बघत बसतीस. त्याचं काय? जा आता. मी बोलवल्याबिगर येऊ नको."

मी गेले. तू बोलावलं नाहीस.

माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. पिठाची ॲलर्जी असलेल्यानं पिठात उभं राहू नये, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. पण मी ते तुझ्या गिऱ्हाइकांसमोर बोलले. तुझ्या हातचं पीठ घरी न्यावं की नाही, असा प्रश्न मी लोकांच्या मनात टाकला. हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. कळूनही मी माफी मागितली नाही, कारण मुद्दा माझा बरोबर होता. मुद्दा बरोबर असला की माणूस किती दिवस गप्प बसू शकतं, ते मी तेव्हा पाहिलं.

भांडणानंतर नवव्या दिवशी तुझ्या दुसऱ्या नमुन्याची काच मोजायला घेतली. काचेवर नाव नसतं, आकडा असतो. तुझा आकडा मला पाठ होता. पहिल्या वेळी जिथं नजर टाकावी तिथं फुटलेल्या पेशी आणि सुया होत्या. ह्या वेळी शोधाव्या लागल्या. गुलाबी पेशीच कमी होत्या, आणि होत्या त्यांतल्या काही नीट आकसलेल्या, मोठ्या पेशींच्या पोटात गेलेल्या. पूर्ण काच बघून झाली तेव्हा सुई एकही सापडली नव्हती. औषध लागू पडलं होतं.

फोन हातात घेतला होता. अभ्यास पूर्ण होईपर्यंत एकेकाचा निकाल कुणाला सांगत नाहीत, असा नियम आहे. तो मी स्वतःला सांगितला. पण तुझ्या डॉक्टरांमार्फत कळवता आलं असतं, तशी सोय आहे. खरं कारण एवढंच, की आधी तू फोन करावास असं मला वाटत होतं. मी फोन खाली ठेवला. पुढचे महिने कामात गेले. पेठेतून जायचं असलं तर मी मागच्या रस्त्यानं जायचे.

पाच महिन्यांनी, एका सकाळी दहाच्या सुमारास, दाजींचा फोन आला. "वैशालीताई, सुलीला बोलता येईना झालंय. दवाखान्यात आणलंय. या."

गल्लीत तापाची साथ होती. तुलाही ताप आला होता. तीन दिवस अंगावर काढलास, चौथ्या दिवशी दम लागला, निळ्या पंपानं उतरेना. मी पोचले तेव्हा तुझ्या तोंडात नळी होती आणि मशीन श्वास देत होतं. आत असलेल्या डॉक्टरांनी मला ओळखीनं दोन मिनिटं दिली. म्हणाले, विषाणूच्या तापानं दमा उसळलाय, लहान श्वासनळ्या कफानं बंद झाल्यात, काढतोय पण दोऱ्यासारखा चिवट निघतोय. मला पुढचं सांगायची गरज नव्हती.

मी बाहेर येऊन दाजींना विचारलं, "रोजचा पंप घेत होती का?"

दाजी भिंतीला टेकून उभे होते. चंदगडची ड्युटी सोडून आले होते, अंगावर खाकी तशीच होती. "घेत असंल की," ते म्हणाले. "घरात तर मला कधी दिसली न्हाय घेताना."

मी समजले, तू सोडला होतास. आणि सुली, मला तुझा राग आला. तू आत पडली होतीस, आणि मी बाहेरच्या बाकड्यावर बसून मनात तुझ्याशी भांडत होते. सांगितलं होतं, समजावलं होतं, सूक्ष्मदर्शकात दाखवलं होतं, तरी हट्टीपणा केलास. दोन दिवस मी तशीच बसले होते. लोकांना वाटलं, दुःखानं गप्प आहे.

दुसऱ्या दिवशी नर्स एक बरणी घेऊन बाहेर आली. तुझ्या छातीतून ओढून काढलेला कफ होता त्यात. दाजींनी ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"ताई, हे तुम्हाला तपासाय लागतंय का? ती असती तर दिली असती."

मी नाही म्हटलं. ह्या नमुन्यासाठी तुझी संमती नव्हती, तेव्हा नाही म्हणणं नियमाला धरूनच होतं. पण मी नियमासाठी नाही म्हटलं नाही. मला ते बघायचं धाडस नव्हतं. नर्स बरणी घेऊन गेली. ते बरोबर केलं की चूक, हे माझं अजून ठरत नाही. तुझं ठरलेलं असणार. "फुकट घालवलंस की गं," असंच म्हणाली असतीस.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या आधी तू गेलीस. पंचगंगेच्या काठावर नातेवाइकांपेक्षा डबे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या ओळखीच्या चेहऱ्यांचीच गर्दी जास्त होती. तुझ्या तालमीची पोरं आली होती. कुणीतरी म्हणालं, सुली होती म्हणून गल्लीत मॅचच्या दिवशी सगळ्यांना वेळेवर दळण मिळायचं. एवढंच एक वाक्य मला त्या दिवसातलं स्पष्ट आठवतं.

काल मी गिरणीत गेले. बोलवल्याशिवाय गेले, त्याला इलाज नव्हता. दाजींनी महिन्याची रजा काढून गिरणी चालू ठेवली आहे. त्यांना जाड-बारीक अजून जमत नाही. रांगेतल्या बायका त्यांना सूचना देत होत्या आणि ते बसच्या स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी चाक फिरवत होते. मला बघून त्यांनी मशीन थांबवलं.

"बरं झालं आलासा. हे बघा जरा, काय करायचं ह्याचं?"

आतल्या फळीवर, तेलाच्या कॅनच्या मागे, रोजच्या औषधाचे पंप ओळीनं ठेवलेले होते. चार रिकामे आणि एक अर्धा. प्रत्येकावर तुझ्या अक्षरात पेनानं महिन्याचं नाव लिहिलेलं. मी एकेक हातात घेऊन मागचा उरलेल्या डोसांचा आकडा बघितला. चारही शून्यावर. पाचव्यावर जेवढे डोस शिल्लक होते ते तू दवाखान्यात गेलीस त्या दिवसाशी बरोबर जुळत होते. तापातही तू चुकवला नव्हतास.

रांगेतली एक म्हातारी बाई बघत होती. तिनं विचारलं, "तुम्ही त्याच का, प्रयोगशाळेतल्या?"

"हो."

"रोज सकाळी पयला ते ओढायची, चूळ भरायची, फडकं नाकाला बांधायची, आणि मग बटण दाबायची. सांजच्यालाबी तसंच. आम्ही आपल्या ताटकळत हुब्या. म्हटलं, किती येळ गं? तर म्हणायची, माझी मैत्रीण लई शिकलेली हाय, तिनं सांगितलंय. फक्त तिला सांगू नका, न्हायतर डोक्यावर बसंल."

बायका हसल्या. दाजी पण हसले. मलाही हसू आलं, आणि मग मी तिथल्या स्टुलावर बसले.

तर सुली, सांगायचं राहिलेलं सांगते. तुझी दुसरी काच चांगली होती. औषध तुझ्यावर लागू पडत होतं. तुला ते न कळताही तू पाच महिने ते घेत राहिलीस, आणि मला कळूनही मी बोलले नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर मी तुझ्यावर रागावले होते, तू ऐकलं नाहीस म्हणून. तू ऐकलं होतंस. तो राग चुकीचा होता. भर रांगेत बोलले तेही चुकीचं होतं. माफ कर.

आणि तू विचारलंच असतंस, की एवढं सगळं नीट घेतलं तर मग शेवटी त्या पेशी तशा का फुटल्या? तापामुळे, रोज छातीत जाणाऱ्या पिठामुळे, का दोन्हींमुळे? मला माहीत नाही, सुली. अजून कुणालाच नीट माहीत नाही. कळलं असतं, तर ह्या वेळी आधी तुला फोन केला असता.

तुझी,
वैशाली